खरात सरांची हजेरी

मी तीन आठवडे रोज सकाळी ‘सगळ्या चाचण्या पास, नापास शून्य’ असा मेल टाकला, आणि त्या तीन आठवड्यांत आमच्याकडं एकही चाचणी झाली नव्हती.

यात लबाडी नव्हती. लबाडीला अक्कल लागते. उस्मानपुऱ्यात एका दवाखान्याच्या डोक्यावर आमचं ऑफिस आहे. बाजार समितीतल्या वजनकाट्यांत जे छोटे कॉम्प्युटर बसतात, त्यांचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आम्ही सांभाळतो. तो धड आहे का हे तपासायला चाचणीचे छोटे छोटे मॉड्यूल असतात. ते आपोआप तयार होत नाहीत. पर्यायांची एक लांबलचक यादी असते, तिच्यात त्यांच्यापुढं ‘हो’ लिहावं लागतं. मी ‘नाही’ लिहून बसलो होतो. मॉड्यूल बिल्डच, म्हणजे तयारच, झाले नाहीत, म्हणून चालले नाहीत, म्हणून नापासही झाले नाहीत. आणि मी ते शून्य बघून खूश.

पकडलं आमच्यातल्या सर्वांत जुन्या खरात सरांनी. चष्मा कपाळावर चढवून माझ्या टेबलाशी आले. “पास किती ते ऱ्हाऊ दे. हजर किती होते?”

बघून सांगतो म्हणालो. बघितलं. हजरही शून्य.

“जे पोरगं शाळेतच आलं नाय, ते नापास व्हईल कसं?” एवढंच बोलून गेले.

हजेरी हे या माणसाचं वेड. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. वडील संध्याकाळी वाड्याच्या तोंडाशी उभे राहून कळप आत घ्यायचे आणि कोणतं मागं राहिलं ते न मोजता ओळखायचे, असं सर सांगतात. ते स्वतः चहाला गेले की चहा कोणाला हवा हे विचारत नाहीत, कोण आलं नाही ते विचारतात. लासूर स्टेशनला एका सहकाऱ्याच्या लग्नात आम्ही जिलेबीवर तुटून पडलो होतो, तेव्हा नवऱ्या मुलाचे एक मामा दिसत नाहीत हे फक्त यांच्या लक्षात आलं. मामा रुसून रेल्वेच्या बाकावर बसले होते. सरांनी त्यांना हाताला धरून आणलं, आणि तोवर आम्ही जिलेबी संपवली होती.

तर माझा पराक्रम उघडा पडल्यावर आमच्या प्रमुख देशमुख मॅडमनी सगळ्याच चाचण्यांसमोर ‘हो’ लिहायला लावलं. स्क्रीन चुकांनी लालभडक झाली. बरेच मॉड्यूल इतकी वर्षं कोणी बिल्ड केले नव्हते की मूळ कोड पुढं निघून गेला होता आणि ते बिचारे जुन्याच पद्धतीनं त्याला हाका मारत होते. मॅडम म्हणाल्या, शुक्रवार संध्याकाळपर्यंत जे बिल्ड होणार नाही ते काढून टाकायचं. त्यांचंही बरोबर होतं. कचरा किती सांभाळणार?

खरात सरांचा चेहरा उतरला. “काढायचं कुणालाच नाय,” म्हणाले आणि शिक्षा म्हणून मला शेजारी बसवून घेतलं.

ते तीन दिवस मी विसरणार नाही. एकेक लाल ओळ हिरवी होत गेली, आणि प्रत्येक हिरव्या ओळीला सर मॉड्यूलचं नाव मोठ्यानं पुकारून “आला का, ये बाबा” म्हणायचे. खालच्या दवाखान्यातले पेशंट आपला नंबर लागला समजून उठायचे. मलाही चेव आला. डबा खायचं विसरलो, हे माझ्या बायकोला आजही पटत नाही.

शुक्रवारी दुपारी एकच उरली. बॅटरीची चाचणी. ती एका जुन्या चिपच्या पर्यायाला बांधलेली. ती चिप आमच्या कुठल्याच बोर्डात आता नाही, म्हणून हिच्यापुढं ‘हो’ लिहायची सोयच नव्हती. मी म्हणालो, सर, एवढी एक जाऊ द्या. चिपच नाही तर चाचणी कोणाची?

“लई शहाणा हायेस. वर बघ, काय लिव्हलंय.”

फाइलच्या माथ्यावर ती चाचणी लिहिणारीचं नाव होतं, वनिता मोरे. आणि खाली तिनं चिप नसली तरी चालेल अशी खोटी बॅटरी कोडमध्येच रचून ठेवली होती. सरांनी एक ओळ बदलली: चिप नसतानाही बिल्ड होऊ दे. झाला. चालवली.

नापास.

संपलेली बॅटरी आमचा कर्नल भरलेली दाखवत होता, आणि तोच कोड आज विकल्या जाणाऱ्या प्रत्येक काट्यात होता. कापूस तोलता तोलता काटे का बंद पडतात, याची तक्रार सिल्लोडहून कधीची आलेली. आम्ही नाचलो. मॅडमही उठून आल्या, म्हणाल्या, हिला हात लावायचा नाही, आणि बॅटरीचा कोड दुरुस्त करायला स्वतःच बसल्या.

सर नाचले नाहीत. त्यांनी फोन काढला आणि यादीत न शोधता नंबर दाबला. ह्या वनिताबाई कोण, ते मला तेव्हा कळलं. पूर्वी त्यांच्याच शेजारी बसायच्या. आईच्या आजारपणात नोकरी सोडून सिल्लोडला गेल्या, त्याला बरीच वर्षं झाली. नंबर पाठ होता. मधल्या वर्षांत फोन मात्र एकदाही नाही. का, मी विचारलं.

“कारण नव्हतं,” सर म्हणाले. आणि पलीकडून फोन उचलल्यावर त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. “वनिताबाई, खरात बोलतोय. तुमची चाचणी आज चालली. नापास झाली.”

पलीकडून हसल्याचा आवाज आला, आणि हसता हसता नाक ओढल्याचा. बरे आहात का, डोळ्याचं ऑपरेशन झालं का, जेवता कुठं, असं त्या विचारत गेल्या आणि सर शाळेतल्यासारखे उभं राहून उत्तरं देत गेले.

मला भरून आलं. भरून आलं की मला काहीतरी खायला लागतं, म्हणून मी सरांच्या टेबलावरचा चिवडा ओढला आणि तिथंच बसून, शक्य तितक्या हळू, ऐकत राहिलो.

फोनमधून वनिताबाईंचा आवाज आला. “खरात, तिथं कोण बसलंय कुरुमकुरुम करत? त्याला आधी बाहेर काढा.”