सेतुरावांचा थेंब

आमच्या तंजावुरात समुद्र नाही. तरी राजवाड्यामागच्या गल्लीत, सेतुरावांच्या परसात, शिडाची बोट उभी आहे. तिचं तोंड जास्वंदीत आणि शेपूट सिमेंटच्या टाकीत. टाकी राव स्वतः भरतात. घरात आंघोळीला पाणी कमी पडलं तरी चालेल, बोटीचं शेपूट कोरडं राहिलेलं त्यांना चालत नाही.

कारण विचाराल तर राव तुम्हांला तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसवतील आणि कॉफी गार होईपर्यंत सांगतील. मी थोडक्यात सांगतो. बोटीच्या पंख्याचा दांडा पाण्याखालून आत येतो. बाहेर तो रबराच्या बेअरिंगमध्ये फिरतो. ते रबर कोरडं पडलं की दांड्याला धरून बसतं. आत दांड्याभोवती ग्लँड असते, म्हणजे चरबी लावलेली दोरी गुंडाळून वरून नट आवळलेला. तिनं पाणी अडवायचं, पण अगदी सगळं नाही. दांडा फिरताना थेंब थेंब आलं पाहिजे, त्यानं दांडा गार राहतो. म्हणून राव रोज दांडा हातानं फिरवतात, ग्लँडखाली पितळेचा चेंबू ठेवतात आणि कान लावून बसतात. "थेंब पाहिजे, रे," म्हणतात. सांबारात मीठ जास्त झालं तरी हेच, गल्लीत भांडण झालं तरी हेच.

राव जहाजावर इंजिनखोलीत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी नागपट्टिणमहून ही मोडकी बोट घेतली. बायकोला घेऊन लंकेला वळसा घालायचा बेत होता. बाईंना गावातला कालवा ओलांडतानाही भोवळ यायची. बेत राहिला, पुढे बाईही गेल्या. बोट लॉरीवरून गल्लीत आली त्या दिवशी माझ्या तिण्णैचा कोपरा गेला होता. तेव्हापासून आमची ओळख.

मी पंपसेटवाला. पाचवीत शाळा सोडली ती पाना धरायला. पापनाशमपर्यंतचे शेतकरी आपले पंप माझ्याकडेच आणायचे. मग डोळे थकले, मुलानं वर्कशॉपच्या जागी मोबाइलचं दुकान काढलं आणि मी घरी बसून सुनेच्या मिक्सरला नावं ठेवू लागलो. अशात एका संध्याकाळी राव आले. "ग्लँड गळते, बाबाजी. तुझ्याशिवाय कोणाला जमायचं नाही." माझ्या मते जगात इतकं खरं वाक्य कोणी बोललं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी नट असा आवळला की थेंबच बंद. शेतकऱ्यांना जन्मभर मीच सांगत आलो होतो की ग्लँड थोडी गळू दे. पण रावांपुढे गळती ठेवायची म्हणजे इज्जतच गळाल्यासारखी. रावांनी इंजिन लावलं. टाकीतलं पाणी उसळून माझ्या भिंतीवर गेलं आणि थोड्या वेळानं जळक्या चरबीचा वास सुटला.

"वास कसला हा?" राव म्हणाले.

"शेजारी अप्पळम-पापड तळत असतील."

"शेजारी तर तूच राहतोस."

"मग आमच्याकडेच तळत असतील."

राव रागावले नाहीत. त्यांनी काळी पडलेली दोरी उपसली, नवी काढली. "थेंब पाहिजे, रे."

त्या दिवसापासून माझी रोजची फेरी ठरली. मी नट बेताचा लावायचा आणि दुसऱ्या संध्याकाळी ग्लँड पुन्हा धार धरून वाहायची. बायको म्हणायची, "रोज करावी लागते ती कसली दुरुस्ती?" मी म्हणायचो, "बोटीतलं तुला काय कळतं." मनात वाटायचं, म्हातारा एकटा आहे. मी नसलो तर त्याची बोट बुडेल. जमिनीवर उभी आहे, पण बुडेल.

मग चेन्नैहून रावांची मुलगी सुंदरी आली, हातात खोकं घेऊन. नव्या तऱ्हेचं सील. दोरी नाही, थेंब नाही.

"अप्पा, टाकीत पाणी कोणीही सोडेल. 'थेंब बघायला मीच लागतो' म्हणत होतात ना? आता थेंबच नाही. हे बसवा आणि माझ्याकडे राहायला चला." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मामा, हे शिकलेल्या मेकॅनिकचं काम आहे. तुम्ही हात लावू नका."

झालं. "मीच बसवणार," मी म्हणालो. रावांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्यांचं चेन्नैचं तिकीट काढून आणलं.

सुंदरी गेली. खोकं मी माझ्या घरी आणून ठेवलं. आज बसवू म्हटलं की राव म्हणायचे अमावास्या आहे. उद्या म्हटलं की राहुकाळ. इंजिनखोलीत जन्म काढला तेव्हा त्यांनी पंचांग उघडलं नव्हतं. राव गेले तर माझ्या संध्याकाळी ओस पडतील हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण ती 'हात लावू नका' म्हणाली होती.

शेवटी एका दुपारी, कॉफीच्याही आधी, मी खोकं घेऊन परसाच्या फाटकानं आत शिरलो. राव बोटीत वाकले होते. फळीवर फोन, फोनमध्ये सुंदरी. रावांच्या हातात पाना होता आणि ते ग्लँडचा नट सैल करत होते. चेंबूत धार लागली.

"अप्पा, अजून बसवलं नाही?"

"बसवलं तर गळणार नाही."

"त्यासाठीच तर आणलं."

"बाबाजी येतो संध्याकाळी. वर्कशॉप गेल्यापासून त्याचे हात कापतात, तू बघितलं नाहीस. पाना धरला की थांबतात. न गळणाऱ्या बोटीकडे त्यानं कशाला यायचं?"

"सरी, बरं. आणि तुम्ही?"

रावांनी नट आणखी थोडा सैल केला.

मी मागे फिरलो. गल्लीला वळसा घालून पुढच्या दारानं आलो, खोकत, चपला आपटत. तोवर राव तिण्णैवर येऊन बसले होते.

"गळते, रे. धारच लागली."

मी खोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं. "राव, हे मला बसवता येत नाही."

असलं वाक्य माझ्या तोंडातून पूर्वी कधी निघालं नव्हतं. दाढ उपटल्यासारखं निघालं.

राव खोक्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "सुंदरीला काय सांगू?"

"सांगा, म्हातारा अडाणी निघाला. शिकलेला मेकॅनिक शोधतो आहोत. तंजावुरात बोटीचा मेकॅनिक मिळायला वेळ लागणारच."

आम्ही बोटीत गेलो. त्यांनी दांडा फिरवला, मी नट आवळला, पूर्ण नाही. धार थांबली. चेंबूत टप झालं.

"पुरे?" मी विचारलं.

"उद्या बघू," राव म्हणाले, आणि पाना पेटीत ठेवायला मागितला नाही, माझ्या हातातच राहू दिला.