गावंडेकाकांच्या मशीनला वारं लागतं

गावंडेकाकांच्या घरी जायचं असेल तर चपला बाहेर काढायच्या आणि मोबाईल ज्वारीच्या पिठाच्या डब्यात ठेवायचा. इथे नातं, वय, हुद्दा काही पाहिलं जात नाही. काका दारातच स्टीलचा डबा घेऊन उभे असतात. तुम्ही फोन आत ठेवला की ते झाकण दाबून बसवतात, वर दोन चापट्या मारतात आणि म्हणतात, "आता बसा. मशीनले वारं लागते."

डबा रिकामा का नाही ठेवत, असं मी एकदा विचारलं. "मंग पीठ कायच्यात ठेवू? तुह्या डोक्यात?" काका म्हणाले. गेल्या निवडणुकीत एक उमेदवार मतं मागायला आला होता. त्याचा फोन पिठातच वाजला. काढून कानाला लावला आणि पांढऱ्या कानानेच तो पुढची तीन घरं फिरला.

मशीन म्हणजे टीव्हीखाली ठेवलेला व्हिडिओ गेमचा काळा खोका. वारं म्हणजे इंटरनेट. मी त्यांचा शेजारी, अमरावतीतल्याच एका कॉलेजात शिकवतो, म्हणून ते मला मास्तर म्हणतात. कुणाच्याही फोनमधलं इंटरनेट पासवर्ड दिल्याशिवाय मशीनमध्ये शिरत नाही, हे मी त्यांना नाना प्रकारे समजावून पाहिलं. "चोर का पासवर्ड इचारून येते काय?" एवढंच ते म्हणाले. असल्या माणसाशी वाद घालण्यात मी माझ्या किती संध्याकाळी वाया घालवल्या आहेत, ते माझ्या बायकोला विचारा.

गंमत म्हणजे या माणसाला एके काळी प्रामाणिकपणाचा आजार होता. पाटबंधारे खात्यात नोकरी झाली, पण ऑफिसात पेन घरचं नेलं. घरचा हिशेब सरकारी कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवरसुद्धा कधी केला नाही. खुर्चीवर बसायच्या आधी खुर्ची झटकणारा, भाजीवाल्याने चुकून जास्त टाकलेली मिरची परत करणारा माणूस. आणि त्याच्याच घरी आतून बदललेलं मशीन आणि नकली डिस्क! कॉलनीला हे कळलं तेव्हा त्यांचं नाव हॅकरकाका पडलं. पोट्टे समोरून हाका मारायचे. काका थांबून म्हणायचे, "व्हय, चोरीची हाय. तुह्या बापाची चोरली काय?" आणि पुढे जायचे.

पण या मशीनवर काय अवलंबून होतं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही हसाल.

विमलकाकू, म्हणजे गावंडेकाकू, पहिल्यापासून क्रिकेटवेड्या. मॅच असली की तुरीची डाळ निवडता निवडता पंचांना शिव्या द्यायच्या. मग एका उन्हाळ्यात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला आणि वाचाही गेली. 'हो', 'नाही', 'चा' आणि 'आऊट' एवढे चार शब्द उरले. डॉक्टरांनी हात दाबायला रबरी चेंडू दिला, तो काकूंनी डाव्या हाताने काकांच्याच अंगावर टाकला. शेवटी मुलीने, प्राचीने, कॉलेजात असताना घेतलेलं हे मशीन माळ्यावरून काढलं, त्यात क्रिकेटची डिस्क घातली आणि रिमोट आईच्या हातात दिला. महिनाभराने काकूंचा उजवा अंगठा हलला. त्या अंगठ्याने पहिला चौकार गेला त्या दिवशी काकांनी गल्लीभर आलुबोंडे वाटले.

दुसरे खेळ देऊन पाहिले, काकूंनी बघितलेही नाहीत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, खेळ थांबला तर हात पुन्हा आखडेल. आणि ती डिस्क आता कुठेच विकत मिळत नव्हती.

दसरा उलटला आणि काका सकाळीच माझ्याकडे आले. "मास्तर, अकोल्याले येतं काय? डिस्कवर बसलो म्या."

अमरावतीत काय दुरुस्तीवाल्यांची वाण आहे? पण ज्या गावात आयुष्यभर ताठ मानेने फिरले त्या गावात असलं काम करून घ्यायची काकांना लाज वाटत होती. तर आम्ही एसटीने निघालो. मशीन प्राचीच्या लहानपणच्या दुपट्यात गुंडाळून काकांनी मांडीवर घेतलं होतं. शेजारच्या बाईने वाकून पाहिलं.

"किती महिन्याचं हाय?"

"आठ वर्साचं," काका म्हणाले. मशीन खरंच आठ वर्षांचं होतं, आणि खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"अन् एवढुसंच?"

"आजारी हाय."

बाईने पर्समधून अंगाऱ्याची पुडी काढून दुपट्याला बोट लावलं. मूर्तिजापूर येईपर्यंत ती हळहळत होती आणि मी खिडकीबाहेर तोंड करून बसलो होतो.

अकोल्याच्या बाजारात एका बोळात रफीकभाईंचं दुकान. त्यांनी मशीन उघडलं, चिमट्याने आतून काहीतरी उचललं आणि दिव्याखाली धरलं. तांदळाचा दाणा होता, कुंकवाने रंगलेला.

"काका, मशीनले जेवाले बी घालता का तुमी?"

काकांनी पिशवीतून डिस्क काढली. ती फुटलेली नव्हती. चमकणाऱ्या बाजूवर कुंकवाचा वाकडातिकडा स्वस्तिक होता आणि त्याच्यावरून गोल गोल चरे गेले होते.

रफीकभाई म्हणाले, "बसल्यावर असे चरे पडते काय? का बसून गोल फिरले तिच्यावर?"

मी हसलो. काका हसले नाहीत. त्यांनी डिस्क रुमालाने पुसल्यासारखी केली आणि मग हळूच सांगितलं. आमच्याकडे खंडेनवमीला घरातल्या विळ्यापासून स्कूटरपर्यंत सगळ्याची पूजा होते. या मशीनने आपला हात परत दिला म्हणून काकूंनी त्याचीही केली. चमकते तीच समोरची बाजू, असं समजून त्यांनी डिस्कच्या त्याच बाजूवर ओल्या कुंकवाचा स्वस्तिक काढला, अक्षता टाकल्या आणि डिस्क तशीच आत सरकवली.

"उजव्या हातानं काढला तिनं," काका म्हणाले. "दुखण्यानंतर पहिल्यांदा. मी सकाळी पाह्यलं अन् लपवली. तिले समजलं का आपल्याच हातानं झालं, तर तो हात ती पुन्हा उचलणार नाई. मास्तर, मी बसलो हाय डिस्कवर. ध्यानात ठेवजो."

रफीकभाईंनी आपला दिवा जरा बाजूला केला. मग त्यांनी आम्हाला कामाचं समजावलं. अस्सल डिस्कवर कंपनीची एक छुपी खूण असते, ती घरच्या यंत्रावर उतरत नाही. मशीन आधी खूण बघतं, मगच खेळ सुरू करतं. त्यांच्याकडे त्याच खेळाची नक्कल होती, पण ती चालायची तर मशीनच्या आत बसलेला दरवानच बदलायला हवा, जो खूण मागणार नाही असा.

"फक्त इंटरनेट लावू नका. कंपनीचं अपडेट आलं का जुना दरवान परत, अन् मंग त्यावर माह्यापाशी इलाज नाई. चुकून अपडेट सुरू झालंच तर ते इंटरनेटवरून खाली उतरून राहिलं तवरिक इंटरनेट तोडा, काही होत नाई. पण लाइट काढू नका. ते मशीनमंदी बसून राहिलं अन् लाइट गेली का मशीनची वीट होते. घर बांधा मंग."

"म्हंजे हे चोरी झाली काय?" काकांनी विचारलं.

"डिस्क इकत घेतेली होती न तुमी?"

"होती."

"मंग तुमीच ठरवा. मी मशीनवाला हावो काका, काजी नाई."

काका स्टुलावर बसून राहिले. घरचं पेन नेणारा हा माणूस मला त्या वेळी फार म्हातारा दिसला. मग ते म्हणाले, "कर बापा."

तेव्हापासून पिठाचा डबा दारात आला.

पुढे प्राचीचं लग्न झालं आणि पहिल्या दिवाळीला जावई आले. समीर, पुण्याचा, कॉम्प्युटरमधला. मुलगा गुणी. खोड एकच, न सांगता मदत करायची. आता जावयाला कोण म्हणणार, फोन पिठात ठेव? उमेदवारांनाही न जुमानणारे काका डबा पाठीमागे लपवून हसत उभे राहिले. हसताना मी त्यांना प्रथमच पाहत होतो आणि ते दृश्य काही चांगलं नव्हतं.

पाडव्याच्या सकाळी मी फराळाला गेलो. काकू खुर्चीत होत्या, प्राची स्वयंपाकघरात. समीर उत्साहाने म्हणाला, "बाबा, हे मशीन किती वर्षं अपडेटच केलेलं नाही! मी लावलंय आता माझ्या हॉटस्पॉटवर. आईंचा गेम मस्त पळेल."

टीव्हीवर निळी पट्टी सरकत होती. अठरा टक्के.

काकांच्या हातातलं चिवड्याचं ताट तिरपं झालं. ते सरळ प्लगकडे निघाले. मी त्यांचा दंड धरला आणि कानात म्हणालो, "वीट!" ते थांबले. काकू पट्टीकडे पाहत होत्या, मग आमच्याकडे. तेवीस टक्के.

समीरला हॉटस्पॉट बंद कर, असं सांगता आलं असतं. पण तो लगेच विचारणार, का? मग नकली डिस्क कशाला, खरी कुठे गेली? आणि तेही काकूंच्या समोर. म्हणून काकांना ते सांगता येत नव्हतं. एकतीस टक्के.

"जावईबापू!" काका एकदम ओरडले. "उटणं राह्यलं!"

"बाबा, सकाळीच झाली ना आंघोळ?"

"ते पुण्याची झाली. वऱ्हाडातली बाकी हाय." आणि त्यांनी जावयाचा कुर्ता अक्षरशः सोलून काढला, त्याला मागच्या अंगणात पाटावर बसवलं आणि डोक्यावर तेलाची वाटी उपडी केली. फोन दिवाणावर राहिला. काकांनी अंगणातूनच मला डोळ्याने खुणावलं.

फोनला कुलूप होतं, हॉटस्पॉट बंद करणं माझ्या हातात नव्हतं. मी तो उचलून पिठात घातला आणि झाकण लावलं. पट्टी पाहिली. साठ. मग एकसष्ट. मग त्रेसष्ट.

"दाब झाकण!" अंगणातून आवाज आला. मी झाकणावर बसलो. अडुसष्ट.

म्हणजे इतकी वर्षं कॉलनीने आपले फोन पिठात घालून काहीही साधलं नव्हतं! हे काकांना ऐकवायची फार इच्छा झाली, पण वेळ नव्हता. मी डबा खांद्यावर घेतला आणि अनवाणी पळत सुटलो. कोपऱ्यावर रांगोळी काढत बसलेल्या तायडेबाई ओरडल्या, "मास्तर, पाडव्याले गिरणी बंद असते!" डब्यात फोन वाजायला लागला. पाण्याच्या टाकीपर्यंत पळालो, तिथून मागे आलो, डबा तायडेबाईंच्या ओट्यावर ठेवला, "झाकण उघडू नका" म्हणालो आणि परत धावलो.

घरात पाऊल टाकलं तर सगळे टीव्हीसमोर जमलेले. पट्टी ब्याण्णववर थांबली होती. खाली लिहून आलं होतं की संपर्क तुटला. मी दाराच्या चौकटीला धरून श्वास घेतला.

समीरच्या कानावरून तेल गळत होतं. "सर, तुम्ही माझा फोन घेऊन पळालात?"

मी काकांकडे पाहिलं.

"त्याले मीच सांगतलं," काका म्हणाले. "डिस्क नकली हाय. अपडेट झालं असतं तर हिचा खेळ बंद झाला असता. चुकलं माहं जावईबापू, माफ करजा."

समीरला वाईट वाटलेलं दिसत होतं. "मला सांगायचं ना बाबा. पण प्राचीने तर ओरिजिनल घेतली होती. तिचं काय झालं?"

"मी बसलो तिच्यावर."

प्राची म्हणाली, "बाबा, तवाही तुमी हेच सांगतलं. पण तुमी खुर्चीवर झटकल्याशिवाय बसत नाई. डिस्कवर कसे बसले?"

"बसलो. एकदा चुकते मानूस."

"नाही," काकू म्हणाल्या.

आम्ही वळलो. काकूंनी रिमोट मांडीवर ठेवला होता. त्यांचा उजवा हात उठला, कुणीही न धरता, थरथरत छातीपर्यंत गेला.

"मी," त्या म्हणाल्या. मग ओठ जुळवायला त्यांना बराच वेळ लागला. "कुंकू."

दुखण्यानंतर त्यांच्या तोंडून नवा शब्द कुणी ऐकला नव्हता. प्राचीने तोंडावर हात घेतला. काका खुर्चीशी गेले.

"तुले मालूम होतं?"

"हो."

"पयल्यापासून?"

"हो."

तिला लागू नये म्हणून हा माणूस गल्लीभर चोर म्हणवून घेत होता, आणि त्याला लागू नये म्हणून ती त्याचं खोटं सांभाळत होती.

काका खुर्चीपाशी खाली, फरशीवर बसले. फरशी झटकली नाही. "मंग बोलली काहून नाई इतके दिवस?" त्यांनी रागानेच विचारलं. त्या प्रश्नातला वेडेपणा त्यांच्या लक्षातच आला नाही.

काकूंनी तो उजवा हात हळूहळू पुढे आणला आणि काकांच्या डोक्यावर ठेवला. आखडलेली बोटं एकेक करून त्यांच्या विरळ केसांत उघडली.

प्राची आईला सावरायला पुढे झाली. काकांनी मान जराही हलवली नाही.

"थांब," ते म्हणाले. "तिचा हात हाय."