गायकवाड मॅडमच्या पोरी

गायकवाड मॅडमना स्टाफरूममध्ये खुर्ची हवी असली की त्या कुणाला ‘जरा सरकता का’ वगैरे म्हणत नसत. मागून यायच्या, पाठीत सणसणीत थाप हाणायच्या आणि ओरडायच्या, “खो!” माणूस दचकून उठला की त्याच्या जागी बसायच्या. नवा माणूस घाबरून उठायचा, जुना सवयीने. केमिस्ट्रीचे एक सर एकदा भरल्या कपासकट उठले आणि चहा अंगावर सांडून घेतला. मॅडमनी त्यांनाच झापलं, “पांढरा शर्ट घालून कशाला येता कॉलेजात?”

उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात त्या खेळांच्या शिक्षिका होत्या. मी अर्थशास्त्र शिकवायचे. दोघी बदलापूरला राहायचो, जाणं-येणं बरोबरच असायचं, त्यामुळे त्यांच्या रागातला मोठा वाटा मला फुकट मिळायचा. त्यांचे वडील अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात होते. चाळीसमोरच्या मैदानात त्या खो-खो शिकल्या आणि पुढे सगळं जग त्यांनी त्या खेळाच्या नियमांत कोंबलं. रिक्षावाल्याने मध्येच रस्ता बदलला की मागून गर्जना, “एकदा दिशा घेतली की बदलायची नाही, फाऊल आहे!” लग्न का केलं नाही, असं कुणीतरी आगाऊपणे विचारलं, तर म्हणाल्या, “चौकोनात उकिडवं बसून दुसऱ्याच्या खोची वाट बघणं मला झेपत नाही.”

दोन हजार सालानंतर आमच्याकडे नवे कोर्स आले. कॉम्प्युटरचे, मॅनेजमेंटचे, भरमसाट फीचे. मैदानाच्या कडेने इमारत उठली. मग एक दिवस प्रिन्सिपॉलनी सगळ्यांना मीटिंगला बोलावलं.

“संस्थेला खर्च झेपत नाही. छोटे खेळ बंद करावे लागतील. खो-खो, कबड्डी, कुस्ती. क्रिकेट चालू राहील.”

मॅडम उभ्या राहिल्या. “छोटे म्हणजे?”

“म्हणजे... ज्यातून कॉलेजचं फारसं नाव होत नाही, असे.”

“खो-खोला लागतं काय, सर? दोन खांब आणि चुन्याची फक्की. तुमचा पैसा खातो कोण? खांब की चुना?”

कुणी हसलं नाही. हसायची सोयच नव्हती, सेक्रेटरी शेजारीच बसले होते. मला राहवेना. मी विचारलं, “मग मुलांकडून घेतो ती जिमखाना फी बंद होणार का?”

“ती वेगळी बाब आहे,” सेक्रेटरी म्हणाले.

माझं सगळं अर्थशास्त्र त्या वाक्यापुढे गार पडलं. पुढे क्रिकेटच्या संघाला ब्लेझर शिवले. गॅदरिंगला ऑर्केस्ट्रा आला. त्याचा खर्च बरा झेपला!

खांब उपटायला माणसं आली तेव्हा मला वाटलं, मॅडम आता आडव्या पडणार. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि त्या माणसांवर खेकसल्या, “खड्डा नीट बुजवा! कुणाचा तरी पाय मुरगळेल.” आठवडाभरात तिथे मोटारसायकली लागायला लागल्या. येता-जाता मॅडम प्रत्येक मोटारसायकलला शिवी घालायच्या. वेगळी वेगळी.

कल्याणच्या एका कॉलेजात पाटील नावाचे सर खो-खो शिकवायचे. वर्षानुवर्षं अंतिम सामन्यात हे दोघे समोरासमोर. ‘पाटील’ हे आडनाव मॅडम असं उच्चारायच्या, की त्यापुढे शिवी सौम्य वाटावी. परीक्षा संपल्यावर एका दुपारी त्या कल्याणहून आल्या आणि स्टाफरूममध्ये, कुणालाही न उठवता, खिडकीशी उभ्या राहिल्या.

“दिल्या,” त्या म्हणाल्या.

“काय दिलं?”

“पोरी. त्या पाटीलला. पुढच्या वर्षाला सगळ्यांना घेतो म्हणाला.”

“तुम्ही गेलात त्यांच्याकडे?”

“मग काय करू? इथे ठेवून लोणचं घालू त्यांचं?”

मुली तयार होत्या. घरचे नव्हते. संघातली सगळ्यांत चपळ मुलगी कविता, सिंध्यांची. उल्हासनगरच्याच पाच नंबर कॅम्पात तिच्या वडिलांचा जीन्स शिवायचा कारखाना. मॅडम मलाही सोबत घेऊन गेल्या.

“मॅडम, घर के पास कॉलेज है, कल्याण कायको भेजू?” वडील म्हणाले.

“दौडने को भेजो! यहाँ अब पार्किंग है, दौडेगी किधर?” मॅडम म्हणाल्या आणि पँटींच्या ढिगावर मांडी घालून बसल्या. “तुम हाँ बोलो, फिर मैं उठती.”

मशिनी थांबल्या. त्या ढिगाची गाडी संध्याकाळी निघायची होती. वडिलांनी एकदा ढिगाकडे पाहिलं, एकदा मॅडमकडे, आणि हात जोडले. “ले जाओ, माँ!”

राहिली मुलींच्या कॉलेज सोडल्याच्या दाखल्यांवर प्रिन्सिपॉलची सही. ते टाळत होते. सेक्रेटरींना विचारावं लागेल, पुढच्या आठवड्यात बघू. मॅडम केबिनमध्ये शिरल्या, थेट त्यांच्या खुर्चीमागे गेल्या आणि पाठीत थाप हाणली. “खो!”

प्रिन्सिपॉल ताडकन उठले. मॅडम बसल्या नाहीत.

“बसा,” त्या म्हणाल्या. “तुमची खुर्ची मला नकोय. सह्या करा.”

त्यांनी केल्या.

पुढच्या वर्षीचे सामने अंबरनाथला होते. रविवार होता, आम्ही दोघी गेलो. मुली कल्याणच्या निळ्या पोशाखात. पाटील सर लगबगीने आले, “मॅडम, बाकावर या ना आमच्या.”

“मी प्रेक्षक आहे,” मॅडम म्हणाल्या आणि दोरीमागच्या गर्दीत उभ्या राहिल्या.

पूर्ण सामनाभर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मला भीतीच वाटायला लागली. शेवटी कविताने हुलकावण्या देत समोरच्या पोरींचा जीव काढला आणि कल्याण जिंकलं. मुली धावत आमच्याकडेच आल्या.

“इकडे काय? तुमचे सर तिकडे आहेत! आधी त्यांना भेटा,” मॅडम ओरडल्या. मुली परत फिरल्या. कल्याणच्या कॉलेजात सत्कार होता. बस उभीच होती. खिडक्यांतून हात हलले आणि बस गेली.

मॅडम बराच वेळ चपलेने मैदानावरची चुन्याची रेघ पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, “सावंत, घरी चल.”

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी घरी बोलावलं नव्हतं. बदलापूरच्या शिरगावातला दुसऱ्या मजल्यावरचा ब्लॉक. दार उघडताच मटणाचा वास आला. बाहेरच्या खोलीत चटया अंथरलेल्या, भिंतीच्या कडेने ताटंच ताटं मांडलेली, प्रत्येक ताटाशी पाण्याचा पेला. ओट्यावर लग्नघरात असावं एवढं पातेलं.

“कोण येणार आहे?”

“कोण येणार? मॅच झाली की पोरी इथेच जेवतात, आजपर्यंत. पाटीलची बस असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.” त्या ताटं उचलायला लागल्या. एकावर एक आदळत. “आणि यांचा तो सत्कार! हारांनी पोट भरतं का? दुपारपासून पळतायत पोरी!”

दोन ताटं ठेवून बाकीची त्यांनी आत नेली. मी म्हटलं, “पण सकाळीच मटण करून ठेवलंत? हरल्या असत्या तर?”

“हरल्या असत्या तर काय उपाशी ठेवणार होते?”

आम्ही जेवायला बसलो. त्या वाढत राहिल्या. भात, रस्सा, पुन्हा भात. तिसऱ्यांदा डाव पुढे आला तेव्हा मी ताटावर हात धरला.

“पुरे, मॅडम. खरंच पुरे.”

त्यांनी डाव मागे घेतला नाही. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खालच्या पट्टीत ऐकला.

“जेव गं. एवढ्याचं मी एकटी काय करू?”