तलवारीचं माहेरपण

राजवाड्यातली मानाची तलवार दरवर्षी नागपंचमीला आमच्याकडे माहेरपणाला येते. तिला ह्यांनी घडवलं, तेव्हा माहेर आमचंच. पंचमीला चिरणं-कापणं वर्ज्य, म्हणून शिलेखान्यालाही रजा देताना अडचण येत नाही.

गेली दोन वर्षं मात्र राजवाड्यातल्या लग्नकार्यांमुळे तिला सोडलं नव्हतं. ह्यांची नजर अधू होत चाललीय. दिसतंय तोवर लेक एकदा डोळ्यांनी बघू दे, एवढंच मागून मी सोळा सोमवार धरले.

उद्यापन झालं आणि पंचमीला शिलेखान्याचे कारभारी मानाजीराव तिला घेऊन आले. मी भाकरतुकडा ओवाळून टाकला, म्यानाच्या टोकावर पाणी घातलं, पाटावर बसवलं.

ह्यांनी मूठ हातात घेतली आणि थबकले. म्यान आमचंच होतं, लाल मखमल मीच शिवलेली. पण आत काहीतरी सैल वाजलं.

"हिचा भार टोकाकडे जातोय," हे म्हणाले. "आपली मुठीशी तोल धरते. ही आपली नव्हे."

मानाजीरावांनी कागद चाळले. चूक नव्हती. ही शेजारच्या खुंटीवरची. हिला घडवणाऱ्याच्या घरी आता दिवा लावायलाही कुणी उरलेलं नाही, आणि रजेच्या अर्जात माहेरचा पत्ता लागतो. आमच्या लेकीने आपली रजा तिच्या नावे केली. पांघरून यायला म्यानही दिलं.

"मग ती स्वतः?" मी विचारलं.

"उघडीच आहे, वहिनी. म्हणाली, आईने लावलेलं तेल अजून पुरतंय."

हे तिला म्यानातून काढून पात्याच्या पाठीवरून बोटं फिरवत राहिले. मग म्हणाले, "ज्याने केलीय त्याने जीव ओतलाय. दिंडं वाढ तिला."

मी दिंडं वाढली, वर तुपाची धार धरली. मुठीला मेंदी लावली. सगळ्या तलवारी माहेरी आल्या की झोपतात, तशी तीही दिवसभर झोपली. संध्याकाळी खणानारळाने ओटी भरली. मानाजीरावांनी पत्त्याचा रकाना पुढे केला, तेव्हा ह्यांनी आमचंच घर सांगितलं.

पुढच्या पंचमीला दोघी येतील. एका म्यानात दोघी राहत नाहीत, म्हणून ती निघण्यापूर्वी ह्यांनी तिचं माप घेतलं. बोटांनीच. नजर पंचमीसाठी राखून ठेवा, असं मी सांगितलंय. सोमवार पुन्हा धरलेत.