तीनपैकी कोणतेही दोन

सोमवारपासून आमची भाची शाल्मली उलटी चालू लागली. तोंड पुढे, चाल मागे. ती आमच्याकडे राहून इलेक्ट्रोमेकॅनिकलचा डिप्लोमा करते आणि शुक्रवारी बिस्किटांच्या कारखान्यात, देखभाल विभागासाठी तिची मुलाखत होती. पण दाराकडे निघाली की ती स्वयंपाकघरात पोचायची.

तिचे शिरगुप्पे सर घरी आले. त्यांनी तिला हॉलमध्ये दोनदा चालवून पाहिलं.

“सकाळचा क्रम काय हिचा?”

“आधी आंघोळ, चहा, नाश्ता असा होता,” मी म्हणालो. “सोमवारपासून नळाला पाणी उशिरा येतं. म्हणून आता चहा, आंघोळ, नाश्ता.”

“मग बरोबर. तीन तारांपैकी दोन बदलल्या की थ्री फेज मोटर अशीच उलटी फिरते. तीनपैकी कोणत्याही दोन गोष्टींची पुन्हा अदलाबदल करा.”

आमच्या सौ.ना अर्धवट काम आवडत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिन्हींच्या जागा बदलल्या. आधी नाश्ता, मग चहा, मग आंघोळ. शाल्मली उलटीच गेली आणि फ्रिजवर आदळली.

“मामी, तिन्ही हलवले की पुन्हा तेच होतं! दोनच!”

“तीन वर्षं कॉलेजात हे शिकवलं होय गं?”

“हेच तर मुख्य आहे.”

शुक्रवारी चहा, नाश्ता, आंघोळ असा क्रम लावला. शाल्मली सरळ चालत गेली आणि माझ्या स्कूटरवर बसली.

कारखान्यात तिच्या आधीचा उमेदवार, बिराजदार नावाचा मुलगा, साहेबांच्या दारात उभा होता. पुढे जाईना, मागे येईना. नुसता घूंऽऽ असा आवाज करत होता. आतून साहेब त्याला बोलावत होते.

शाल्मलीने त्याच्या कपाळाला हात लावला. “तापलाय. आधी खाली बसवा, नाहीतर जळेल.” मग त्याला विचारलं, “सकाळचं काय राहिलं?”

“चहा,” तो कसाबसा म्हणाला.

“तीनातला एक फेज गेलाय, म्हणून नुसता घुमतोय,” ती मला म्हणाली. मी कँटीनमधून चहा आणला. बिराजदार तो प्यायला, उठला आणि सरळ आत गेला.

साहेब दारात आले. “तुम्ही आत येऊ नका.”

शाल्मलीचा चेहरा उतरला. “का, सर?”

“तुमची मुलाखत झाली. नोकरी पक्की. आत्ताच कामाला लागता का? आमची रात्रपाळी कालपासून गेटपाशी घुमत उभी आहे.”

शाल्मलीने मला घरी जायला सांगितलं आणि बाह्या सरसावून ती कँटीनकडे निघाली.