चौघांनी खाल्लेला केक

"माणूस कसाही असू दे, माझ्यासमोर बसवा आणि दार लावून घ्या. बाहेर येईल तो गुन्हा कबूल करूनच!"

फर्गस गिलिसने थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दिवशी सकाळी, तोंडात टोस्ट असताना, हे वाक्य सगळ्या घराला ऐकवलं. फर्गस विद्यापीठात पोलीसकाम आणि फौजदारी न्याय हा विषय शिकत होता. वर्ष दुसरं. 'चौकशी आणि जबाब' हा धडा त्याने नुकताच वाचून संपवला होता, त्यामुळे त्याला घरातला प्रत्येक माणूस संशयित दिसायला लागला होता. दूध संपलं तरी तो डोळे बारीक करून विचारायचा, "शेवटचं कोणी पाहिलं होतं?"

"आणि आजी, एक लक्षात ठेव. चोर बाहेरून येत नाही. बहुतेक चोऱ्या घरातलीच माणसं करतात. आमच्या पुस्तकात आहे!"

"अग बाई!" आजी म्हणाली, आणि तिने खिडकीजवळच्या ब्लूबेरी केककडे पाहिलं.

हा केक साधासुधा नव्हता. दुपारी चर्चच्या हॉलमध्ये त्याचा लिलाव व्हायचा होता. दर वर्षी सगळ्यात मोठी बोली आजीच्याच केकला लागायची आणि पेगी मॅकीचनचा केक बिचारा कोपऱ्यात पडून राहायचा. आजी वर्षभर जगायची ती त्या एका दुपारसाठी.

फर्गसच्या फुशारकीमागे मात्र चांगलीच धडधड होती. मागच्या परीक्षेत, खोटाखोटा गुन्हा मांडून ठेवलेल्या खोलीत शिरताना, हे महाशय नेमके बुटाच्या ठशावरच जाऊन उभे राहिले होते. शिकवणाऱ्या ऑडेटबाईंनी शेरा मारला होता, 'पुरावा विद्यार्थ्यानेच नष्ट केला.' आता सुट्टीत कुणाचा तरी खराखुरा जबाब घेऊन, रेकॉर्ड करून आणायचा होता. यातही नापास झाला, तर उन्हाळ्यात पोलीस ठाण्यातली उमेदवारी गेली आणि वर्दीही गेलीच म्हणायची.

ऑडेटबाई म्हणजे हॅलिफॅक्सच्या निवृत्त तपास अधिकारी. भल्याभल्यांना त्यांनी बोलतं केलं होतं. त्यांचा राग फक्त आरोपींच्या वकिलांवर. एका वकिलाने त्यांनी मिळवलेल्या कबुलीची भर कोर्टात चिंध्या केल्या होत्या. 'बंद खोलीतून सुटण्यासाठी माणूस काय वाट्टेल ते कबूल करतो,' असं तो म्हणाला होता, आणि न्यायाधीशांना ते पटलंही होतं! "निरपराध माणूस कशाला कबूल होईल?" बाई वर्गात विचारायच्या, आणि हातातला खडू मोडायच्या.

आणि असाच एक वकील आज गिलिसांच्या टेबलाशी बसून अंडं खात होता. त्याचं नाव वेंडेल. फर्गसच्या ताईचा, शोनाचा होणारा नवरा. हॅलिफॅक्समध्ये आरोपींची वकिली करायचा, पण स्वभावाने इतका गरीब की मीठ हवं असलं तरी मागायला लाजायचा. आजीची लग्नातली अंगठी तिच्या ॲप्रनच्या खिशात रुमालात बांधून ठेवलेली होती. जेवणानंतर ती वेंडेलच्या हातात द्यायची, त्याने ती शोनाच्या बोटात घालायची, असं ठरलं होतं.

अकराच्या सुमाराला आजीची किंकाळी ऐकू आली.

"केक! माझा केक!"

खिडकीजवळची जागा रिकामी होती. ताटलीसकट केक नाहीसा! बाबा टीव्हीवरची हॉकी सोडून धावत आले, आई ओव्हनमधली टर्की सोडून धावत आली. आणि फर्गस? फर्गसच्या अंगात वारं शिरलं. त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती वेंडेलच्या बाहीवर थांबली. बाहीवर निळसर डाग होता!

"ही शाई आहे," वेंडेल म्हणाला.

"सगळे हेच म्हणतात!" फर्गस म्हणाला. त्याच्या आयुष्यातला हा पहिलाच संशयित होता, तरीही.

आजीने ॲप्रनच्या खिशावर हात घट्ट दाबला. "याने खाल्ला असेल, तर अंगठी माझ्याबरोबर थडग्यात जाईल. सांगून ठेवते!"

शोनाचा चेहरा पांढराफटक पडला. तिने फर्गसला जिन्याखाली ओढलं. "फर्ग्या, तो निर्दोष आहे हे सिद्ध कर. नाहीतर तुझी धडगत नाही!"

"ताई, पुरावा नेईल तिकडे मी जाणार," फर्गस म्हणाला आणि तिने त्याचा कान पिरगळायच्या आत निसटला.

खोली लहान असावी, मधे टेबल नसावं, आवाज खालचा ठेवावा, असं पुस्तकात होतं. फर्गसने कपडे धुवायची खोली निवडली. वेंडेलला पाटावजा बुटक्या स्टुलावर बसवलं, फोन ड्रायरवरच्या टॉवेलांच्या ढिगावर ठेवला आणि दार लावून घेतलं. दार लागताच त्याच्या नाकात घमघमाट शिरला. ब्लूबेरी! संशयिताच्या अंगाला मुद्देमालाचा वास येत होता!

"रेकॉर्डिंगला हरकत नाही ना?"

"नाही. पण एक सांगू? मी माझ्या अशिलांना पहिली गोष्ट हीच सांगतो, की तोंड उघडू नका."

"लपवायचं असेल तर नका उघडू," फर्गस गोड आवाजात म्हणाला. "केक कोणी खाल्ला?"

"मला माहीत नाही."

"चमच्यावर तुमच्या बोटांचे ठसे मिळालेत." हे साफ खोटं होतं.

"कुठल्या चमच्यावर?"

"मोठ्या. शेडच्या मागे उभं राहून खाल्लात ना? मी तुम्हाला दोष देत नाही, दाजी. तो वास! कुणालाही मोह होईल. मला झाला असता!"

"पण मी खाल्ला नाही रे."

हेच किती तरी वेळ चाललं. बाहेर आजी मोठमोठ्याने देवाला हाका मारत होती. शोना दारावर धडका देत होती. टर्की करपल्याचा वास यायला लागला. वेंडेलच्या कपाळावर घाम आला. त्याने टाय सैल केला.

"मी हो म्हटलं," तो शेवटी खोल आवाजात म्हणाला, "तर हे थांबेल?"

"ताबडतोब! आणि आजी कबूल करणाऱ्याला माफ करते."

"मग... मी खाल्ला."

"कशाने?"

"काट्याने."

"कशाने?"

"तू म्हणशील त्या चमच्याने."

"कुठे?"

"शेडच्या मागे. आता दार उघड, बाबा!"

फर्गसला तर आकाश ठेंगणं झालं. त्याने स्वयंपाकघरात सगळ्यांच्या मधोमध उभं राहून रेकॉर्डिंग लावलं. 'मी खाल्ला' हे शब्द आले आणि खोलीत कुणी श्वास घेईना. आजीने रुमालाची गाठ आणखी आवळली. वेंडेल मान खाली घालून उभा राहिला, आणि शोनाने त्याच्याकडे असं पाहिलं की फर्गसने घाईघाईने रेकॉर्डिंग बंद केलं.

मग शोना एकदम पुढे आली. "त्याने नाही, मी खाल्ला!"

फर्गस गारच पडला. तिला आत नेलं. आत पुन्हा तोच घमघमाट! "मोठ्या चमच्याने," शोना म्हणाली. "शेडमागे."

फर्गस चक्रावला. तपशील तंतोतंत जुळत होते! जुळणारच, ते सगळे त्यानेच थोड्या वेळापूर्वी जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वेंडेलला सांगितले होते. पण ही गोष्ट तेव्हा त्याच्या डोक्यात आली नाही.

तिच्यामागोमाग बाबा आले. "पोरीचं लग्न मोडायला नको. मी खाल्ला, लिहून घे. चमचा मोठा, जागा शेडची. आता मॅच बघू का?"

आणि बाबांच्या मागे हात पुसत पुसत आई!

"मी खाल्ला!" तिच्या डोळ्यांत विलक्षण चमक होती. "लग्न झाल्यापासून सासूबाईंचं कौतुक ऐकतेय, एफी गिलिससारखा केक जगात होणे नाही! खाल्ला, आणि पुन्हा मिळाला तर पुन्हा खाईन!"

"मेरी!" बाहेरून आजी ओरडली.

फर्गस मटकन स्टुलावर बसला. एक केक, चार खाणारे, चमचा एक. चौघांच्याही अंगाला ब्लूबेरीचा वास! हे जबाब घेऊन ऑडेटबाईंपुढे गेलो तर काय होईल, या विचारानेच त्याला दरदरून घाम फुटला. शिवाय बाहेर ताई रडत होती, आणि ती रडली की फर्गसला लहानपणापासून काही सुचायचं नाही. तिचं लग्न त्याने हुशारी दाखवायच्या नादात मोडलं होतं.

त्याला बाईंचं पहिलंच व्याख्यान आठवलं. ते कंटाळवाणं होतं म्हणून त्याने तेव्हा खिडकीबाहेर पाहिलं होतं. ज्याची वस्तू गेली त्याला आधी विचारा, सगळं त्याच्या शब्दांत सांगू द्या, आणि मधे बोलू नका.

तो आजीला आत घेऊन आला. "आजी, सकाळपासून काय काय झालं, सांग."

आणि तो खरोखरच गप्प बसला.

"काय व्हायचंय? उठले, तोंड धुतलं, केक खिडकीशी ठेवला. मग तू टेबलावर ते अभद्र बोललास, की घरातलीच माणसं चोर असतात म्हणून. मला आपली धास्तीच बसली. पोरीनं वकील आणलाय घरात, म्हटलं कुणाचं काय सांगावं! मग केक उचलला आणि कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी, वर टॉवेल-बिवेल टाकून..."

आजीचा आवाज थांबला. तिची नजर फर्गसच्या खांद्यावरून मागे गेली.

"फर्गस, फोन उचल."

त्याने फोन उचलला. आजीने एक टॉवेल काढला, दुसरा काढला. खाली पालथी परात होती. तिने ती उचलली.

केक! अख्खा, एक कणही न हललेला! चारही कबुल्या त्याच्याच डोक्यावर बसून रेकॉर्ड झाल्या होत्या.

आजीने केक दोन्ही हातांनी उचलला. मग बाहेर येऊन तो टेबलावर ठेवला आणि ती वेंडेलसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "खाल्ला नव्हतास, तर हो का म्हणालास रे?"

"तो थांबेना, आजी," वेंडेल म्हणाला. "आणि शोना दाराशी रडत होती."

आजीने रुमालाची गाठ दातांनी सोडली. सकाळपासून इतकी आवळली होती की हाताने सुटेना. "घे. लपवून ठेवलेला मीच विसरले. चूक माझी, पोरा. पण हे बाहेर कुणाला कळलं तर बघ! पेगीला तर मुळीच नाही."

आई तेवढ्यात गुपचूप ओव्हनकडे सटकली होती.

निघताना वेंडेलने फर्गसचे दोन्ही हात धरले. "तुला हे रेकॉर्डिंग वर्गात द्यायचंच असेल तर दे. पण माझं नाव घेऊ नकोस रे! हॅलिफॅक्समध्ये माझी वकिली आहे."

"आजीची शपथ, दाजी!"

बाकीच्या जबाबांत नुसता आरडाओरडा होता, म्हणून वेंडेलचाच द्यावा लागला. खरं काय घडलं तेही फर्गसने मान खाली घालून वर्गाला सांगितलं. मग ऑडेटबाईंनी रेकॉर्डिंग लावलं. फर्गस डोळे मिटून शेऱ्याची वाट बघत होता. 'मी माझ्या अशिलांना पहिली गोष्ट हीच सांगतो' हे वाक्य आलं आणि बाईंच्या हातातला खडू खाली पडला.

त्यांनी ते वाक्य परत ऐकलं. मग पुढचं सगळं, शेवटपर्यंत. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. 'तू म्हणशील त्या चमच्याने' आलं आणि बाई खुर्चीत बसल्या. आधी त्यांचे खांदे हलले. मग त्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

"पास!" त्या डोळे पुसत म्हणाल्या.

"बाई, कुठला भाग जमला?"

"तुझा? एकही नाही. निरपराध माणसाला तू बंद खोलीत पिळून काढलंस." त्यांनी खाली पडलेला खडू उचलला. "मीही तेच केलं होतं रे एकदा. एवढी वर्षं मला पटलं नव्हतं. हाच आवाज कोर्टात मला तेच सांगत होता, आणि मेला खरं बोलत होता." मग त्यांनी नाक शिंकरलं. "तो चमच्याचा भाग पुन्हा लाव."

संध्याकाळी वेंडेलचा फोन आला. "काय रे, वर्गात माझं नाव नाही ना घेतलंस?"

"छे, दाजी! शपथ घेतली होती ना!"

आणि ते शंभर टक्के खरं होतं. फर्गसने नाव घेतलंच नव्हतं. ते बाईंनी घेतलं होतं, आडनावासकट, आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहूनही ठेवलं होतं.