लाल की पांढरी

"तुझ्या पांढरीत तूच बस!" भिमाजी म्हणाला.

"आन् तू बस त्या लाल डबड्यात! आत अडकलास ना, तर काढायला मी येणार नाय!" कारभारी म्हणाला.

भर मुंबई नाक्यावर, जुन्या गाड्या विकणाऱ्या मोतीरामच्या पत्र्याच्या शेडसमोर हे झालं. मग साठीला टेकलेले दोन मित्र दोन दिशांना निघून गेले. भिमाजी आपल्या स्कूटरवर एकटाच गेला आणि कारभारी शहर बसने. स्कूटर घेतल्यापासून कारभारी तिच्या मागच्या सीटवर नाही, असं पहिल्यांदाच घडत होतं. दोघांचा अबोला दहा दिवस टिकला. अकराव्या दिवशी सकाळी कारभारी दूध आणायला निघाला, चप्पल घालायला खाली वाकला आणि वाकलेला तसाच कलंडला. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलेलं होतं.

दोघांची ओळख सातपूरच्या एका कारखान्यातली. लेथ मशिनी शेजारीशेजारी, डबा एकत्र, पाळी एकच. ओळखीनंतर दहाएक वर्षांनी एकदा त्र्यंबक रोडवर मोटारींची शर्यत जाताना त्यांनी पाहिली. धुरळा उडवत एकामागून एक गाड्या गेल्या आणि हे दोघे सायकली हातात धरून, तोंडात धूळ जाईपर्यंत बघत राहिले. "रिटायर झालो का अशी एक घ्यायची," कारभारी म्हणाला. "दोघांत एक." भिमाजी म्हणाला, "घ्यायची." लोक असलं काहीबाही बोलतात आणि विसरून जातात. हे दोघे विसरले नाहीत, एवढीच त्यांची चूक.

पुढे कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती काढली, दोघे एकाच दिवशी घरी बसले आणि २००४ सालच्या श्रावणात मोतीरामच्या शेडमध्ये त्यांना एकदम दोन गाड्या सापडल्या. दोन्हींची नावं इंग्रजी आणि अवघड होती. त्यामुळे हे दोघे त्यांना 'लाल' आणि 'पांढरी' एवढंच म्हणत. लाल होती बिनछपराची, म्हणजे कापडी छपराची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. पांढरी तिच्यापेक्षा वयाने मोठी, दोन दारांची, खऱ्याखुऱ्या शर्यतीत पळून आलेली. तिच्या दारावर अजून सत्तावीस नंबर रंगवलेला होता.

भिमाजीचं मन लालवर बसलं आणि कारभारीचं पांढरीवर.

"अरे, चालवणार मी!" भिमाजी म्हणायचा. कारभारीला चारचाकी सोडा, स्कूटरसुद्धा चालवता येत नव्हती.

"म्हणून तर सांगतो. तुझी कंबर हाय का लालमध्ये बसायच्या लायकीची? परवा चक्कर मारली, तर दोन माणसं लागली तुला बाहेर ओढायला."

हे खरं होतं. लालमध्ये भिमाजी सुखाने आत गेला होता, पण बाहेर येताना कंबर अशी काही धरली की मोतीरामने खांद्याला आणि कारभारीने बगलेला धरून त्याला उपसून काढला होता. पण खऱ्याला मान दिला तर भांडण कसलं?

"पांढरी काय कामाची? माझ्या अंगणातल्या तारेवर कावळे किती असतात! रोज घाण करतील आन् रोज धुवायची मी!"

"लाल घेतलीस तर गावातले बैल उधळतील, त्याचं काय?"

भिमाजीची बायको वत्सलाबाई आणि कारभारीची बायको लंकाबाई यांना दोन्ही गाड्या एकदा दाखवण्यात आल्या. दोघींनी आत डोकावून पाहिलं. दोन्हींत दोनदोनच सीटा होत्या. "अहो, पण आम्ही बसायचं कुठं?" वत्सलाबाईने विचारलं. यावर दोन्ही मित्रांनी एकमेकांकडे पाहिलं. हा मुद्दा वीस वर्षांत कोणाच्याच ध्यानात आला नव्हता. दोघी जे समजायचं ते समजल्या आणि शेडबाहेर उसाचा रस प्यायला निघून गेल्या.

दीड महिना हे असं चाललं. मोतीरामने पहिले आठ दिवस चहा पाजला, मग नुसतं पाणी, मग तेही बंद केलं. आणि मग ते नाक्यावरचं भांडण झालं.

कारभारी गेल्यावर भिमाजीला दुसरं काही आठवतच नव्हतं. एकतीस वर्षं ज्याच्याशी बोललो, त्याला शेवटचं वाक्य काय बोललो? 'तुझ्या पांढरीत तूच बस.' वत्सलाबाई समजूत घालायची, "अहो, तुम्ही रोजच भांडत होता. त्यांना काय नवीन होतं त्यात?" भिमाजी म्हणायचा, "रोज भांडायचो. पण रोज संध्याकाळी त्याला घरी सोडायचो ना मी." एवढं म्हणून तो रडायचा, आणि रडताना कोणी बघू नये म्हणून स्कूटर पुसत बसायचा.

दसरा आला तसाच गेला आणि त्यानंतर दोन दिवसांनी कारभारीचा दहावा आला.

रामकुंडावर सगळे जमले. कारभारीचा मुलगा महेश डोकं भादरून बसला होता. गुरुजींनी पिंड ठेवला आणि सगळे बाजूला झाले. आता कावळ्याने शिवायचं, की झालं. पण रामकुंडावरच्या कावळ्यांना सकाळपासून पिंडच पिंड. त्यांना कसली आलीय घाई? एक कावळा आला, समोरच्या कठड्यावर बसला आणि बसूनच राहिला.

"काही इच्छा राहिली असेल, बोला," गुरुजी म्हणाले.

महेशने हात जोडले. "तात्या, आईला अंतर देणार नाय." कावळा हलला नाही. लंकाबाईने डोळ्यांना पदर लावून सांगितलं, "तुमची तुळस मी जपीन हो." कावळा पंख खाजवू लागला. मग गावाकडचा चुलतभाऊ पुढे झाला आणि मोठ्याने म्हणाला, "दादा, त्या बांधाचं मी सोडलं! तुमचाच बांध!" कावळा ढिम्म. चुलतभावाला या बोलण्याचा नंतर फार पश्चात्ताप झाला, पण चाळीस माणसांनी ते ऐकलं होतं.

ऊन वर चढलं. गुरुजींची पुढची मंडळी येऊन थांबली होती. "दर्भाचा कावळा करून शिववू का?" त्यांनी हळूच विचारलं.

लंकाबाई वळली ती थेट भिमाजीकडे. "भाऊजी, तुम्हीच बोला आता. त्यांचं काय राहिलंय ते तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक?"

काय राहिलंय ते भिमाजीला पक्कं ठाऊक होतं. तो पुढे झाला, हात जोडले आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने पुटपुटला, "कारभाऱ्या, आपली गाडी घेतो मी."

कावळा टुणकन उडी मारून ओट्यावर आला. लोकांत एकदम हालचाल झाली. कावळ्याने मान वाकडी केली आणि तो थांबला.

"अजून काहीतरी राहिलंय," मागून कोणीतरी म्हणालं. "मोठ्यानं बोला की!"

"लाल घेतो!" भिमाजी म्हणाला.

कावळा दोन पावलं मागे सरकला.

"कसली लाल?" चुलतभावाने विचारलं. भिमाजी त्या कावळ्याकडे बघत होता. ती वाकडी मान त्याच्या ओळखीची होती. मशीनवरून पलीकडे डोकावत, 'झालं का तुझं बोलून?' असं विचारणारी. भिमाजी मोठ्याने ओरडला.

"पांढरी घेतो, बाबा! पांढरी! तुझंच खरं! मी चुकलो!"

कावळा आला, पिंडाला चोच लावली आणि उडून गेला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि भिमाजी आहेर नावाचा साठीचा माणूस रामकुंडाच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा हमसून हमसून रडला. महेशने त्याला जवळ घेतलं. खरं तर महेशला जवळ घ्यायला भिमाजी आला होता.

दुसऱ्या दिवशी भिमाजी, महेश आणि लंकाबाई मोतीरामच्या शेडवर गेले. लंकाबाईने येणारच असं सांगितलं होतं.

"पांढरी पाहिजे," भिमाजी म्हणाला.

मोतीराम खुर्चीतून उठलाच. "पांढरी कशी? लाल तुमची ठेवलीय ना! दसऱ्याला येणार होता तुम्ही दोघं, मी दिवसभर वाट बघत बसलो. कारभारीभाऊ कुठंयत?"

त्याला काहीच माहीत नव्हतं. महेशच्या डोक्याकडे त्याचं लक्ष गेलं आणि तो मटकन खाली बसला. मग तो हळूहळू सांगू लागला.

"तुमचं भांडण झालं ना, त्याच्या चौथ्या दिवशी एकटेच आले होते. म्हटले, लाल बाजूला ठेव, भिम्याला ती आवडते. मी म्हटलं, सांगतो त्यांना. तर म्हटले, खबरदार. दसऱ्याला मीच घेऊन येतो, तोवर तापू दे त्याला जरा."

लाल गाडी कोपऱ्यात उभी होती. तिच्या तोंडावर दसऱ्याची झेंडूची माळ होती. फुलं सुकून काळपट पडली होती. भिमाजी जवळ गेला आणि आत वाकला. चालवणाऱ्याच्या सीटवर एक जाडजूड उशी होती. कापड कारखान्याच्या निळ्या गणवेशाचं होतं. त्यावर खिसासुद्धा तसाच होता, आणि खिशाच्या कोपऱ्यावर ऑइलचा जुना डाग होता.

"ही मी शिवली," लंकाबाई म्हणाली. "आपला शर्ट फाडायला दिला न् म्हटले, गाडीत लागंल. मला वाटलं पांढरीसाठी. जाड कर म्हटले, भिम्याची कंबर नाजूक हाय."

भिमाजी उशी पोटाशी धरून उभा राहिला. त्याचा आवाज निघाला तेव्हा त्यात रडणं किती आणि संताप किती, ते कळायला मार्ग नव्हता.

"बघितलंत वहिनी? मला वाटलं, एकदा तरी मी माघार घेतली. तर ह्यानं आधीच घेऊन ठेवलेली!"

आता नवाच पेच पडला. महेश म्हणाला, "काका, लाल घ्या. तात्यांच्या मनात शेवटी तीच होती." मोतीरामही म्हणाला लाल. लंकाबाई म्हणाली, "असं कसं? चाळीस माणसांत कावळ्याला पांढरी कबूल केलीय. शब्द फिरवला तर ते पुन्हा अडकून बसायचे." महेश म्हणाला, "अगं आई, पण तात्यांना लाल हवी होती, तर कावळा पांढरीला कसा शिवला?"

यावर मोतीरामने दोन महिन्यांनी पुन्हा चहा मागवला.

भिमाजी सुकलेल्या माळेकडे बघत होता. मग तो एकाएकी हसला. दहा-बारा दिवसांत पहिल्यांदाच हसला.

"त्याला कुठली गाडी पाहिजे होती? त्याला मी 'चुकलो' म्हटलेलं ऐकायचं होतं. एकतीस वर्षांत मी ते म्हटलंच नाय." त्याने डोळे पुसले. "पांढरीची चावी दे, मोतीराम."

पांढरी निघाली. निळी उशी भिमाजीने स्वतःच्या पाठीशी घेतली नाही. पांढरीची सीट उंच होती, कंबरेला काही त्रास नव्हता. ते कारभारी पहिल्या दिवसापासून सांगत होता. उशी त्याने शेजारच्या सीटवर ठेवली, खिसा वर येईल अशी. लंकाबाईला आणि महेशला रिक्षाने घरी जावं लागलं. भिमाजी त्र्यंबक रोडने सातपूरपर्यंत गेला, जुन्या कारखान्याच्या गेटपाशी गाडी वळवली आणि परत आला. वाटेत तो कोणाशी तरी मोठमोठ्याने भांडत होता, असं सिग्नलवर उभ्या असलेल्या दोघांनी पाहिलं.

सकाळी उठून तो गाडी बघायला अंगणात गेला. पांढऱ्याशुभ्र बॉनेटवर, अगदी मधोमध, कावळ्याने घाण केली होती.

भिमाजीने वर पाहिलं. विजेच्या तारेवर कोणी नव्हतं.

"तरी मी सांगत होतो!" तो रिकाम्या तारेवर ओरडला. "पहिल्या दिवसापासून सांगत होतो!"

आवाज ऐकून वत्सलाबाई बादली आणि फडकं घेऊन बाहेर आली. "ओरडता काय सकाळी सकाळी? पुसून टाका की ते."

भिमाजीने फडकं हातात घेतलं, बादलीत बुडवलं, पिळलं. मग ते दांडीवर वाळत घातलं.

"राहू दे," तो म्हणाला. "आजचा दिवस राहू दे."